समुद्रशेवाळाची शेती : आधी बेणे, मग तराफा

(किनारपट्टीवरील बागायतदार व मच्छीमार यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



समुद्रशेवाळाच्या शेतीविषयी अलीकडे बरेच ऐकू येते. जमीन लागत नाही, गोडे पाणी लागत नाही, खत घालावे लागत नाही आणि दीड महिन्यात पीक हाती येते, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. केंद्र शासनाने २०२० साली मत्स्यसंपदा योजनेत या कामासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली आणि तेव्हापासून महिला बचत गटांकडूनही विचारणा होऊ लागली. लागवड कशी करतात हे आज सांगणार आहेच. पण कोकणच्या समुद्रात हे पीक नेमके कोठे अडते तेही सांगणार आहे. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी ते माहीत असावे.

आपल्या देशात ज्याची लागवड प्रामुख्याने होते ते कप्पाफायकस नावाचे लाल शेवाळ मूळचे फिलिपाईन्सचे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ते आधी गुजरातमध्ये ओख्याच्या किनाऱ्यावर आणि नंतर तामिळनाडूत मंडपम येथे वाढवून पाहिले. २००० सालानंतर रामनाथपुरम जिल्ह्यातील मच्छीमार कुटुंबांनी, विशेषतः स्त्रियांनी, ही शेती उचलून धरली. या शेवाळातून कॅराजीनन नावाचा चिकट पदार्थ काढतात. आइस्क्रीम, चॉकलेटचे दूध, टूथपेस्ट यांना दाटपणा आणण्यासाठी तो वापरतात. म्हणजे हे शेवाळ भाजी म्हणून विकले जात नाही, ते कारखान्याचा कच्चा माल आहे. उसासारखेच, कारखाना नसेल तर पीक असून उपयोग नाही.

लागवडीची पद्धत सोपी आहे. बांबूचा ३ मीटर लांब व ३ मीटर रुंद असा चौकोनी तराफा बांधावा. त्यावर २० दोऱ्या ताणाव्यात. प्रत्येक दोरीला साधारण १५ सेंटिमीटर अंतरावर २० तुकडे बांधावेत. तुकडा सुमारे १५० ग्रॅम वजनाचा, ताजा व टवटवीत घ्यावा. म्हणजे एका तराफ्याला ६० किलो बेणे लागते. शेवाळ खाणारे मासे आणि कासवे यांच्यापासून रक्षण व्हावे म्हणून तराफ्याखाली जाळे बांधावे आणि तराफे नांगराने पक्के करावेत. लाट जास्त असेल तेथे तराफ्याऐवजी लांब दोरी किंवा जाळीची नळी वापरतात. ४५ दिवसांत तराफ्यावर सरासरी २६० किलो ओले शेवाळ तयार होते. त्यातील ६० किलो पुन्हा बेण्यासाठी ठेवले की २०० किलो उरते आणि ते वाळवून २० किलो भरते. दहास एक, हे प्रमाण लक्षात ठेवावे. वाळवताना वाळूवर पसरू नये. ताडपत्रीवर किंवा मांडवावर वाळवावे, कारण वाळू आणि कचरा मिसळलेल्या मालाचा भाव पडतो. आमसुले, सोडे वाळवणाऱ्या घरांना यात नवीन शिकण्यासारखे काही नाही.

तामिळनाडूत एका कुटुंबाकडे ४५ तराफे ठेवण्याची पद्धत आहे. रोज एक काढायचा आणि रोज एक लावायचा. म्हणजे दररोज २० किलो वाळलेला माल मिळतो. ऐकायला हे छान वाटते. आता हाच हिशोब आपल्याकडे मांडून पाहू.

४५ तराफ्यांना २,७०० किलो बेणे लागते. हे बी पिशवीतून येत नाही. उसाच्या कांडीसारखे जिवंत तुकडेच लावावे लागतात आणि ते समुद्राच्या पाण्यातच जिवंत राहतात. जून ते सप्टेंबर आपला समुद्र खवळलेला असतो, त्यात बांबूचा तराफा टिकणार नाही. मग तराफे खाडीत आणावेत, असे कोणी म्हणेल. पण या शेवाळाला लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक क्षार असलेले पाणी लागते आणि पावसाळ्यात खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते. जेथे निवारा आहे तेथे पाणी गोडे आणि जेथे पाणी खारे आहे तेथे निवारा नाही. कोकणातील या शेतीची खरी अडचण एवढीच आहे. योजनेच्या पत्रकात तराफ्याची किंमत असते, पण या अडचणीसाठी रकाना नसतो.

समजा, पावसाळ्यानंतर तुमच्याकडे एकाच तराफ्याचे बेणे उरले. ते ऑक्टोबरच्या आरंभी लावले आणि सारेच पीक पुन्हा बेण्यासाठी वापरत गेलात, तर दीड महिन्याने चार तराफे होतील, तीन महिन्यांनी सतरा-अठरा, आणि ४५ तराफे भरायला फेब्रुवारीचा मध्य उजाडेल. मे अखेरपर्यंत जेमतेम दोन पिके हाती येतील. तेच दहा तराफ्यांचे, म्हणजे ६०० किलो बेणे राखता आले, तर नोव्हेंबरच्या मध्यालाच शेत जवळजवळ भरते आणि चार पिके मिळू शकतात. जवळजवळ निम्मे उत्पन्न पावसाळ्यात बेणे सांभाळण्यावर अवलंबून आहे. बाहेरून बेणे आणावे म्हटले, तर ऑक्टोबरात तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि तेथील शेतकरी स्वतःचेच बेणे वाचवण्याच्या धडपडीत असतात. म्हणून किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत बेणे राखण्याची सोय गावागावांनी मिळून करावी लागेल. एकट्यादुकट्या गटाला ती झेपेल असे मला वाटत नाही.

बेणे एकाच वाणाचे असल्याचा धोकाही ध्यानात घ्यावा. पाणी फार तापले किंवा क्षार कमी-जास्त झाले की फांद्या पांढऱ्या पडून गळतात. तामिळनाडूत २०१३ नंतर असे मोठ्या प्रमाणावर होऊन तेथील उत्पादन फार खाली आले. झांझिबारच्या स्त्रियांनाही पाणी तापल्यामुळे अशीच झळ बसली. बेण्याचे कोडे जपानी शेतकऱ्यांनाही छळत असे. नोरी नावाचे शेवाळ ते पिढ्यान्‌पिढ्या लावत, पण त्याचे बीज येते कोठून हे कोणाला ठाऊक नव्हते. पीक आले तर आले, अशी स्थिती होती. १९४९ साली कॅथलीन ड्रू या इंग्लंडमधील शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले की त्याची एक अवस्था शिंपल्याच्या कवचात वाढते. त्यानंतर बीज हुकमी तयार होऊ लागले. १९६३ साली तेथील लोकांनी या बाईंचे स्मारक उभारले. त्या स्वतः जपानला कधी गेल्याही नव्हत्या.

प्रवाळ असेल तेथे हे शेवाळ मुळीच नेऊ नये. मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ ते प्रवाळावर पसरल्याचे २००८ साली नोंदले गेले. मालवणचे सागरी अभयारण्य आणि त्यालगतचा भाग म्हणूनच टाळावा. समुद्र कोणाच्या सातबारावर नसतो, तेव्हा जागेची परवानगी मत्स्यव्यवसाय खात्याकडे आधी विचारावी. जेथे आपले बांधव जाळी टाकतात तेथे तराफे बांधून तंटा ओढवून घेऊ नये.

चारा आणि इंधन यांविषयी थोडक्यात सांगतो. शेवाळ खाऊ घातल्याने गुरांच्या पोटातील मिथेन वायू कमी होतो, हे खरे आहे. कॅलिफोर्नियातील मांसाच्या गुरांवरील चाचणीत तो ८० टक्क्यांपेक्षा जास्त घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पण ते शेवाळ ॲस्परॅगॉप्सिस, वेगळ्या जातीचे. ती गोष्ट सांगून कोणी कप्पाफायकसची पेंड विकू लागला तर घेऊ नये. इंधनासाठी अमेरिकेने १९७० च्या दशकात समुद्रात मोठ्या शेवाळाची शेती करून पाहिली. लाटांपुढे सांगाडे आणि रोपे टिकली नाहीत आणि तेल स्वस्त होताच काम थांबले. दहा भागांत नऊ भाग पाणी असलेले पीक वाहून नेऊन जाळणे आज तरी परवडणारे नाही.

बागायतदारांना लगेच उपयोगी पडेल तो शेवाळाचा रस. ताजे शेवाळ पिळून रस फवारणीसाठी आणि चोथा कॅराजीननसाठी, अशी पद्धत भावनगरच्याच संस्थेने बसवली आहे. अशी उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा पक्की पावती घ्यावी. काही झाडे खूण करून फवारणीविना ठेवावीत आणि दोन्हींचे उत्पन्न वेगळे मोजावे.

ज्या गटांना ही शेती करायचीच असेल, त्यांनी वाळलेला माल कोण, कोणत्या भावाने, किती ओलाव्याचा घेणार, हे खरेदीदाराकडून लेखी घ्यावे. पहिल्या वर्षी एक-दोन तराफेच टाकावेत. ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला ठरावीक पाच गुच्छ तोलावेत, पाण्याचे तापमान व क्षार मोजून वहीत लिहावेत आणि मे महिन्यात ती वही घेऊन आमच्याकडे यावे.