परवलीचा शब्द

2023 साली छिंदवाड्यातून पृथक होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात समाविष्ट झाली. या मुलखातील संत्र्याचा बागाईतदार आपल्या जमिनीचा खसरा व बी-1 हे उतारे आणि आधारपत्र आज मोबाइलवरून क्षणार्धात नागपुरास रवाना करू शकतो. परंतु असा दस्तऐवज उघडाच धाडणे म्हणजे लाखेची मोहोर न करता लखोटा परक्याच्या हवाली करणे होय. लिब्रेऑफिस या संगणकप्रणालीत पीडीएफ तयार करतानाच तिला परवलीचा शब्द घालण्याची तजवीज आहे. ई-आधारची पीडीएफ तर मुळातच कुलूपबंद येते. मात्र नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष असा तिचा परवलीचा शब्द ठरीव असल्यामुळे, या दोन्ही गोष्टी ज्याला ठाऊक आहेत त्याला ती उघडणे मुळीच दुष्कर नाही. म्हणून जेथे चालत असेल तेथे, केवळ अखेरचे चार अंक दाखविणारे मास्क्ड आधारच द्यावे. परवलीचा शब्द दस्तऐवजासोबत त्याच संदेशात कदापि लिहू नये. तो फोन करून मुखाने सांगावा, आणि घरच्या वहीत जपून नोंदवून ठेवावा, ही आपणा सर्वांस कळकळीची विनंती.