भित्र्या जिवाचा विश्वास

अँडीज पर्वताच्या प्रदेशात माणसाने गिनीपिग हजारो वर्षांपूर्वी माणसाळविला; परंतु वरून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांचे भय त्याच्या रक्तातून गेले नाही. म्हणूनच हेळसांडीतून सोडवून आणलेला गिनीपिग वरून येणारा हात पाहताच दडतो, किंवा निश्चल होतो. या निश्चलतेस शांती समजणे ही मोठीच चूक होय. त्याला दडण्यासाठी दोन दारांचे खोके व स्वजातीय सोबती द्यावा. पालकाने रोज ठरल्या वेळी जमिनीवर बसून कोथिंबिरीची काडी पुढे धरावी आणि स्वस्थ राहावे. त्याला ओढून काढू नये. पुढे पावलांच्या चाहुलीनेच आतून शीळ उमटू लागते. एखादा जीव मांडीवर कधीच येत नाही. पण तो समोर निर्धास्तपणे खाऊ लागला, तर पालकाने तेवढ्यावर कृतार्थ व्हावे.