कुंपणावरचा अडुळसा
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या मागच्या कुंपणालगतचा अडुळसा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पांढऱ्या फुलावर जांभळट रेषा आणि आकार जबडा उघडलेल्या सिंहासारखा. म्हणूनच संस्कृतात त्याला ‘सिंहास्य’ असेही नाव आहे. पाने इतकी कडू की शेळीही तोंड लावत नाही. ‘आडातोडै’ या त्याच्या तमिळ नावाचा अर्थही तोच सांगतात आणि लिनियसने १७५३ साली दिलेल्या ‘जस्टिशिया अधातोडा’ या शास्त्रीय नावात तो शब्द आजही नांदतो आहे. घरी आजी म्हणते अडुळसा, बडोद्याच्या बाजारात तोच होतो अरडूसी. आपल्या मुलांना ही दोन्ही नावे ठाऊक असतात, हे मी त्यांचे भाग्य समजते.

खोकल्यावर अडुळशाच्या पानांचा रस मधातून देण्याची रीत जुनी आहे आणि ती निराधार नाही. या पानांत व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्याच आधारे रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सीन हे चिकट कफ पातळ करणारे औषध घडवले. आजीच्या बटव्यातून प्रयोगशाळेपर्यंतची ही वाट आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो.

परंतु आज मला माझी एक चूकही सांगायची आहे. मी नव्याने शिकवू लागले तेव्हा आठवीतली एक मुलगी महिनाभर खोकत होती. “घरी अडुळशाचा काढा चालू आहे, बाई,” असे ती म्हणाली आणि मी समाधानाने मान डोलावली. पुढे तिचे वजन उतरले, संध्याकाळी ताप येऊ लागला, तेव्हा तपासणी झाली. निदान क्षयाचे निघाले. सहा महिन्यांच्या औषधोपचाराने ती पूर्ण बरी झाली. पण वाया गेलेल्या त्या दिवसांत माझाही वाटा होता. काढ्याने तिला अपाय केला नव्हता. त्याच्यावर विसंबून आम्ही पुढचा प्रश्न विचारायचे थांबलो, हा दोष आमचा होता.

म्हणून पालकहो, दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला असेल तर थुंकीची तपासणी अवश्य करून घ्या. गर्भवती स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये; त्याने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. लहान मुलांना देण्यापूर्वी वैद्यांचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मातृभाषेतील शिक्षणाकडूनही माझी हीच अपेक्षा आहे. घरच्या ज्ञानाची लाज वाटू नये आणि त्याला प्रश्न विचारण्याचे भयही वाटू नये. साठ वर्षांत या शाळेने एवढे जरी मुलांच्या हाती दिले असेल, तरी हा महोत्सव सार्थ झाला, असे मी म्हणेन.

कुंपणावरचा अडुळसा अजून हिरवा आहे. जाताना एकदा अवश्य पाहून जा.