उत्तर करेलियाच्या गृहिणी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच एकीने उपयोगाच्या एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, असा मंडळाचा परिपाठ आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापड लाटताना मी पुष्कळ बोलते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, पण सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. तिच्या अभ्यासात दूरदेशच्या एका जिल्ह्याची हकीगत आली. तिने ती मला वाचून दाखवली, समजावून सांगितली आणि मी ती वहीत उतरवून घेतली. ती हकीगत हृदयविकाराची आहे. पण तिच्यात डॉक्टरांच्या बरोबरीने गृहिणींचे एक मंडळ आहे. म्हणून ती इथे सांगावी असे वाटले.

युरोपच्या अगदी उत्तरेला फिनलंड नावाचा देश आहे. त्याच्या पूर्वेकडे, रशियाच्या सरहद्दीला लागून, उत्तर करेलिया नावाचा प्रांत आहे. जंगल फार, तळी फार, थंडी तर विचारूच नका. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथली बरीच माणसे शेती करीत, गाई पाळीत, हिवाळ्यात लाकूडतोडीला जात. माणसे अंगाने दणकट आणि कामाला वाघ. आणि हीच माणसे चाळिशी-पन्नाशीत हृदयाच्या झटक्याने जात होती. १९६० च्या दशकात हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण साऱ्या जगात फिनलंडमध्ये सर्वांत जास्त होते, आणि फिनलंडमध्येही ते या प्रांतात सर्वांत जास्त होते. घरोघर तरुण विधवा होत्या.

कष्ट करणाऱ्याला कसला आला आहे हृदयविकार, असे आपणही म्हणतो. आमच्या घरात तेच म्हणत. माझे थोरले दीर पहाटे उठून शेतावर जात. अंगावर चरबी म्हणून नव्हती. तंबाखूची चंची तेवढी कमरेला असे, आणि पानात मिठाची चिमूट वेगळी वाढून घेण्याची सवय होती. एक दिवस विहिरीवर छातीत कळ आली, ‘पित्त झाले असेल’ म्हणून ते झाडाखाली टेकले, ते उठलेच नाहीत. वय एक्कावन्न. त्यांचा रक्तदाब उभ्या आयुष्यात कोणी मोजला नव्हता. आमच्या जाऊबाई इथे बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगते आहे.

आता करेलियाकडे वळू. १९७१ साली तिथल्या लोकांनी सरकारकडे अर्ज केला, की आमच्या प्रांतातील ही मरणे थांबवण्यासाठी काहीतरी करा. अर्जावर तिथल्या राज्यपालांची आणि लोकप्रतिनिधींची नावे होती. त्यातून १९७२ साली मोठे काम सुरू झाले. त्याचे प्रमुख म्हणून पेक्का पुस्का नावाचे डॉक्टर आले. त्यांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती मोजदादीची. गावोगावच्या माणसांचा रक्तदाब मोजला, रक्त तपासले, कोण विडी-सिगारेट ओढतो, कोण काय खातो ते विचारून लिहून घेतले. रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा एक मेणचट पदार्थ असतो. तो शरीराला हवाच असतो; पण त्याचा वाईट प्रकार वाढला की रक्तवाहिनीच्या आतल्या अंगाला थर साचू लागतो. पाण्याच्या नळाला आतून क्षार धरतो, तसेच काहीसे. एके दिवशी त्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाकडे जाणारे रक्त अडते. तोच झटका. करेलियातील लोकांच्या रक्तात हे कोलेस्टेरॉल फार निघाले. कारण पानातच होते. पावावर लोण्याचा जाड थर, स्वयंपाक लोण्यात, दूध सायीसकट, मांस चरबीचे, मीठ भरमसाट आणि भाज्या फार थोड्या. पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक धूम्रपान करणारे.

डॉक्टरांना एक गोष्ट लौकरच उमगली. दवाखान्यात बसून उपदेश केल्याने घरातले पान बदलत नाही. पान वाढणारी बदलेल तर ते बदलेल. म्हणून ते गृहिणींकडे गेले. फिनलंडमध्ये १८९९ सालापासून गृहिणींची एक जुनी संस्था आहे, मार्था संघटना. ख्रिस्ती लोकांच्या बायबलात मार्था नावाची घरकामात गढलेली एक बाई आहे, तिच्यावरून हे नाव. गावोगाव शाखा, घर कसे चालवावे याचे वर्ग, स्वयंपाक, शिवण, परसबाग. थोडक्यात, आपल्यासारखेच मंडळ समजा.

या मार्था भगिनींनी डॉक्टरांच्या बरोबरीने खेड्याखेड्यांत मेळावे भरवले. त्यांना नाव दिले ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’. आधी थोडे बोलायचे, मग सगळ्यांनी मिळून रांधायचे आणि एकत्र जेवायचे. पदार्थ परके नव्हते. त्यांचाच नेहमीचा रश्शाचा पदार्थ, पण मांस आणि चरबी कमी, कंद आणि गाजरे जास्त, मीठ बेताचे. पुरुषांनी जेवून पाहिले आणि त्यांना ते आवडले. एखादीला घरी नवा पदार्थ करून पाहायला भीती वाटते, पण दहाजणींनी मिळून केला की ती भीती राहत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

परिणाम काय झाला तो आकड्यांत सांगते. १९७० च्या सुमारास त्या प्रांतात ३५ ते ६४ वयाचे जितके पुरुष हृदयविकाराने दगावत, त्यात २००६ सालापर्यंत ८५ टक्क्यांनी घट झाली. म्हणजे लोकसंख्येच्या त्याच मानाने पूर्वी जिथे शंभर जात, तिथे पंधरा जाऊ लागले. धूम्रपान करणारे पुरुष शंभरात ५२ होते, ते २००७ साली ३१ वर आले. पावावरचे लोणी बहुतेक घरांतून गेले आणि स्वयंपाकात तेल आले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेजारच्या प्रांतांत आणि साऱ्या देशातही ही मरणे पुष्कळ कमी झाली. मग यश त्या कामाचे किती आणि काळाचे किती, असा वाद विद्वानांत झाला आहे. मला वाटते, हळद लावताना शेजारणीची बोटेही पिवळी होतात. एका प्रांताने केलेले दुसऱ्याने पाहिले असणार. पण पान बदलले आणि विडी सुटली की हृदय वाचते, याबद्दल वाद नाही.

आता कोणी म्हणेल, आपण कुठे पावावर लोणी थापतो? बरोबर आहे. त्यांचे दुखणे जसेच्या तसे आपले नाही. त्यासाठी दुसरे एक संशोधन पाहावे लागते. त्याचे नाव इंटरहार्ट. त्यात ५२ देशांतील रुग्ण होते, त्यांत आपला देशही होता, आणि ते २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले, की पहिल्या झटक्याचा जवळजवळ नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींत सामावला आहे: तंबाखू, रक्तातील वाईट चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्या कमी खाणे, व्यायाम नसणे आणि मद्याचे सेवन. त्याच संशोधनातून २००७ साली हेही पुढे आले, की भारत आणि शेजारच्या देशांतील निम्म्या रुग्णांना पहिला झटका ५३ वर्षांच्या आतच आला होता. इतर देशांत हेच वय ५९ च्या आसपास होते. म्हणजे आपल्याकडे हा पाहुणा पाच-सहा वर्षे आधीच दारात येतो.

आणि बायकांविषयी तर अधिकच लक्षात ठेवायला हवे. रक्तदाब आणि मधुमेह यांचा हृदयावर होणारा परिणाम बायकांत पुरुषांहून जास्त दिसला. शिवाय बाईला छातीत कळ येतेच असे नाही. कधी दम लागतो, कधी मळमळते, पाठ किंवा जबडा दुखतो, घाम फुटतो, अंगातले त्राण जाते. आपण म्हणतो, ‘काम जास्त झाले,’ आणि आल्याचा चहा घेऊन पुन्हा भाकरी थापायला बसतो. असे काही अचानक झाले तर चहा करीत बसू नका, लगेच दवाखान्यात जा.

तंबाखूबद्दल दोन शब्द. तंबाखू म्हणजे पुरुषांची विडी, असे धरून आपण गप्प बसतो. पण मिश्री कोण लावते? सकाळी दातांना, दुपारी जेवणानंतर, रात्री झोपण्यापूर्वी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. धूर नसलेल्या, तोंडात धरायच्या तंबाखूनेही हृदयाचा धोका वाढतो, हे त्याच संशोधनात दिसले आहे. कोणाचे नाव घेत नाही, रागावू नये. पण ही सवय एकटीने सुटत नाही. चौघींनी मिळून सोडावी.

आता मी अवघड विषयावर येते. आपल्या मंडळाचा संसार कशावर चालतो? पापड, लोणची आणि दिवाळीचा फराळ यांवर. त्या पैशांतून माझ्या मुलीची फी भरली गेली आहे, आणि इथे बसलेल्या किती घरांची चूल त्यावर पेटते. मीठ कमी खा असे मी म्हणते, आणि आपण विकतो तो माल तर मिठाचा! जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. हे म्हणजे चहाचा एक लहान चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, भाकरी, पापड, लोणचे सगळे आले. आपला पापडखारही सोडियमचाच, म्हणजे मिठाचा भाऊच.

करेलियातही हीच अडचण होती. तिथल्या कितीतरी घरांचे पोट दुधा-लोण्यावर. लोणी कमी खा म्हटल्यावर शेतकरी रागावले. पुढे १९८० च्या दशकात त्यांना आंबटगोड बोराएवढ्या फळांची लागवड करायला मदत दिली गेली. ही फळे त्या थंड प्रदेशात चांगली येतात, आणि कित्येकांना तो नवा धंदा झाला. धंदा न मोडता तो वळवला गेला.

म्हणून माझे म्हणणे असे. लोणच्यात मीठ कमी केले तर बुरशी येते, ते टिकत नाही. तेव्हा लोणचे आहे तसेच राहू दे, फोड मात्र लहान वाढावी. पापडात मीठ आणि खार थोडा थोडा उतरवून पाहता येईल, आणि मिरे-जिरे वाढवता येतील. गिऱ्हाइकाच्या जिभेला हळूहळू उतरलेले मीठ कळत नाही. यंदा दिवाळीला तळलेल्या चिवड्याबरोबर भाजक्या पोह्यांचाही करून पाहू. जवसाची आणि कारळ्याची चटणी बेताचे मीठ घालून विकायला ठेवू. आणि तळणीचे काळे पडलेले तेल पुन्हा कढईत नको, मग कितीही जीव तुटो. एका हंगामात माल खपला नाही तर मला दोष द्या. पण करून पाहिल्याशिवाय ‘गिऱ्हाईक तुटेल’ असे म्हणू नका.

दुसरी विनंती सोपी आहे. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण जमतोच. त्या दिवशी आरोग्य केंद्रातील परिचारिकाबाईंना बोलावू. प्रत्येकीचा रक्तदाब मोजून तिच्या नावापुढे लिहू आणि पुढच्या संक्रांतीला पुन्हा मोजू. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वर असेल, तर डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावे, आणि त्यांनी गोळी दिली तर बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नये. दुधाचा हिशेब, भिशीचा हिशेब, वाण्याचा हिशेब आपण पैशापैशाचा ठेवतो. त्याच वहीत एक पान आपल्या रक्तदाबाचेही असू द्या.

आमच्या जाऊबाईंनी ही वही ठेवण्याचे काम स्वतः मागून घेतले आहे. पहिले नाव त्यांचे, दुसरे माझे. सभा संपली की वही त्यांच्यापाशी मिळेल. नाव घालूनच घरी जावे.

 मंडळाची भरभराट होवो, आणि पुढच्या वर्धापनदिनाला आपण सर्वजणी अशाच धडधाकट भेटू, एवढी इच्छा करून मी खाली बसते.