‘प्लेनम’ म्हणजे कोणाची पूर्ण सभा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



वर्तमानपत्रांत ‘प्लेनम’ हा शब्द अधूनमधून येतो आणि त्याचे भाषांतर कधी ‘अधिवेशन’, कधी ‘बैठक’, तर कधी ‘परिषद’ असे होते. तिन्ही थोडे थोडे चुकतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘भरलेला’, ‘पूर्ण’. पदार्थविज्ञानात पोकळीच्या उलट, द्रव्याने सर्वस्वी भरलेल्या अवकाशाला हाच शब्द आहे. राजकारणात तो एखाद्या समितीच्या सर्व सभासदांच्या सभेला लावला गेला. तेव्हा शब्द कानी पडताच पहिला प्रश्न विचारावयास हवा तो हा, की पूर्ण म्हणजे कोणाची?

सोविएत कम्युनिस्ट पक्षात महाअधिवेशन मध्यवर्ती समिती निवडीत असे व ती समिती पॉलिटब्यूरो नेमीत असे. या समितीची संपूर्ण सभा ती प्लेनम. सहा महिन्यांतून निदान एकदा ती भरावी, असे १९६१ च्या नियमावलीत होते. कागदावर सत्ता मोठ्या सभेकडून लहान सभेकडे उतरत येते. व्यवहारात मात्र ओघ उलटा असे. स्टालिनच्या अमदानीत अठरावे महाअधिवेशन १९३९ साली झाले आणि एकोणिसावे १९५२ साली. मधल्या तेरा वर्षांत प्लेनमही विरळाच भरल्या.

या शब्दाला खरे वजन आले ते जून १९५७ मध्ये. प्रेसिडियममध्ये (पॉलिटब्यूरोचे तेव्हाचे हे नाव) मोलोटोव्ह, मालेन्कोव्ह, कागानोविच प्रभृतींचे बहुमत क्रुश्चेव्ह यांच्या विरोधात गेले. पहिल्या चिटणिसाला काढण्याचा अधिकार मध्यवर्ती समितीचाच, असा पवित्रा क्रुश्चेव्ह यांनी घेतला. लष्करी विमानांतून सभासद मॉस्कोला आणण्यात आले, प्लेनम भरली आणि आदल्या आठवड्यातील बहुमतवाले पराभूत झाले. त्याच क्रुश्चेव्ह यांना ऑक्टोबर १९६४ मध्ये प्लेनमनेच घरी पाठविले. त्या वेळी निर्णय प्रेसिडियममध्ये आधीच झालेला होता. प्लेनममध्ये सुस्लोव्ह यांनी अहवाल वाचला आणि चर्चा झालीच नाही. सभा तीच, नियम तेच. पण एकदा तिने निर्णय केला आणि एकदा त्यावर शिक्का मारला.

चीनच्या आर्थिक वळणाचा आरंभ सर्वजण डिसेंबर १९७८ च्या ‘तिसऱ्या प्लेनम’पासून मोजतात. ती पाच दिवस चालली. तिच्या आधी छत्तीस दिवस एक कार्यपरिषद भरली होती आणि खरा वादविवाद तेथे उरकला होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पाच दिवसांचे नाव राहिले, छत्तीस दिवसांचे राहिले नाही!

आपल्याकडे अर्थ आणखी बदलला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात प्लेनम म्हणजे दोन महाअधिवेशनांच्या दरम्यान एखाद्या ठरावीक प्रश्नावर राज्याराज्यांतील प्रतिनिधींना बोलावून भरविलेली विस्तारित सभा. बरद्वान (१९६८) येथे वैचारिक प्रश्न होता. साल्किया (१९७८) आणि कोलकाता (२०१५) येथे संघटनेचा. बीजिंगची प्लेनम २२ डिसेंबरला संपली आणि साल्कियाची २७ डिसेंबरला सुरू झाली. पाच दिवसांच्या अंतराने एकाच नावाच्या दोन निराळ्या सभा! साल्कियाने व्यापक जनाधाराचा क्रांतिकारी पक्ष उभारण्याचे ठरविले होते. सदतीस वर्षांनी कोलकात्याला पुन्हा तोच विषय घ्यावा लागला. ठराव करणे आणि संघटना बांधणे यांतील अंतर ज्यांनी शाखा चालविल्या आहेत त्यांना सांगावयास नको.

समाजवाद्यांनी हा शब्द स्वीकारला नाही. पण तशी गरज त्यांनाही पडली आणि ती ‘विशेष अधिवेशना’ने भागविली गेली. ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाच्या पट्टम थाणू पिल्ले मंत्रिमंडळाच्या पोलिसांनी गोळीबार केला. सरचिटणीस डॉ. लोहिया यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. हा वाद नोव्हेंबरात नागपूरच्या विशेष अधिवेशनात प्रतिनिधींपुढे गेला. कौल राष्ट्रीय कार्यकारिणीच्या बाजूने पडला आणि वर्षभरात पक्ष दुभंगला. तरीही वाद उघड्यावर झाला, दोन्ही बाजू प्रतिनिधींनी ऐकल्या, ही गोष्ट लहान नव्हती.

मराठीपुरते बोलायचे तर सोविएत वा चिनी संदर्भात ‘मध्यवर्ती समितीची पूर्ण सभा’ म्हणावे आणि भारतीय संदर्भात ‘विस्तारित प्रतिनिधी-सभा’. नुसते ‘प्लेनम’ लिहावयाचे झाल्यास सभा कोणाची, हे बातमीच्या पहिल्याच वाक्यात यावे. कार्यक्रमपत्रिका कोणी आखली हेही वार्ताहराला कळले, तर तेवढीच वाचकाची सोय.