एका मताने वाचलेली वेस

 

जर्मनीतल्या मराठी संमेलनासाठी ल्युबेकला येऊन रेल्वे स्टेशनातून जुन्या शहराकडे निघालेल्या पाहुण्यांचे स्वागत आमच्या स्वागत समितीच्या आधी होल्स्टेनटोर या वेशीनेच केले असेल. दोन गोल बुरूज, त्यांवर निमुळती छपरे आणि मधोमध कमान. सह्याद्रीतले काळ्या दगडाचे महादरवाजे पाहत वाढलेला माणूस ही विटांची वेस पाहून थबकतो. या सपाट मुलखात बांधकामाच्या दगडाची वानवा, चिकणमाती मात्र मुबलक. म्हणून इथली चर्चेससुद्धा विटांचीच. हिनरिक हेल्मश्टेडे या नगर-स्थपतीने १४६४ ते १४७८ दरम्यान ही वेस उभारली. तेव्हा ल्युबेक हान्सा या बलाढ्य व्यापारी संघाचे अग्रणी शहर होते; लुनेबुर्गचे मीठ इथूनच बाल्टिकपार जाई. शेजारची मिठाची जुनी कोठारे अजून उभी आहेत.

वेशीची ठेवण नीट न्याहाळण्याजोगी आहे. शत्रू येईल त्या अंगाला भिंत साडेतीन मीटर जाड. शहराच्या अंगाला मीटरभरही नाही, तिथे खिडक्यांच्या रांगा. लाल विटांमध्ये काळ्या झिलईच्या विटांचे थर आणि भाजक्या मातीच्या नक्षीचे पट्टे फिरवलेले. जमीन दलदलीची, त्यामुळे बांधकाम चालू असतानाच बुरूज खचू लागले. सर्वांत खालच्या जंग्या आज जमिनीखाली अर्धा मीटर गेल्या आहेत.

एवढी देखणी वास्तू, पण एकोणिसाव्या शतकात ती शहराला अडचण वाटू लागली. रेल्वे आली आणि तिच्यापुढचा बाहेरचा दरवाजा पाडला गेला. पुढची पाळी हिचीच होती. पाडावी की राखावी, यावर वर्षानुवर्षे वाद झडला.

१८६३ मध्ये नगरसभेत मतदान झाले. वेस राहिली, अवघ्या एका मताने!

मग डागडुजी झाली, १९३३-३४ मध्ये खचणारे बुरूज सावरले गेले, १९५० मध्ये आत शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आले. जी पाडायची होती, तीच पुढे पन्नास मार्कांच्या नोटेवर आणि २००६ मध्ये दोन युरोच्या नाण्यावर झळकली. आपल्या गावातल्या पडक्या वेशीसाठी, वाड्यासाठी धडपडणारे अनेकजण आज या सभागृहात आहेत. ते एक मत समितीला आवर्जून सांगावेसे वाटते, ते त्यांच्यासाठी.

उद्या सकाळच्या सत्राआधी वेशीला फेरी ठरली आहे. कलत्या दक्षिण बुरुजापाशी सर्वांनी जमावे, ही विनंती.