वाहणावळ कोणी द्यावी?



मोंढ्यात हमाल पोते वाहतो, त्याची हमाली त्याला मिळालीच पाहिजे. त्यासाठी आम्ही जन्मभर भांडलो. मग उपग्रहावरून चित्रे वाहणाऱ्याने भाडे मागितले तर आम्ही का कुरकुरतो? कारण तो दोन्हीकडून घेतो. दिंद्रुडचा ग्राहक दरमहा वर्गणी भरतो. शिवाय वाहिनीकडून वाहणावळ, म्हणजे ‘कॅरेज फी’, वेगळी.

२०१७ साली ‘ट्राय’ने तिला मर्यादा घातली : साध्या वाहिनीस दर ग्राहकामागे महिना जास्तीत जास्त २० पैसे. शेकडा २० ग्राहकांनी वाहिनी घेतली, की फी माफ. म्हणजे मोठ्याला माफी, धाकट्याला भाडे! २०१७ च्या त्या दराने एक कोटी ग्राहकांचे महिना वीस लाख रुपये होत होते. ऊसतोड कामगारांची गाऱ्हाणी सांगणारी लहानशी वाहिनी ते कोठून आणणार होती?

१९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या ठराविक वाहिन्या दाखवणे सक्तीचे केले. सार्वजनिक हितासाठी जागा राखता येते, हे त्याने मान्य केले. तशीच थोडी जागा जिल्ह्याच्या बातमीलाही राखावी, एवढीच आमची मागणी आहे. उसाच्या फडावरच्या माणसाचे दुःख त्याच्या गावाला दिसू नये, हा तोटा कोणत्या वहीत मांडायचा?